मोहाखालची हजेरी

१ मार्च १९४०, शुक्रवार

आज शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. ते मुलांच्या शाळेचे हेडमास्तर. माझा मुलींचा वर्ग दिवाळीपासून त्यांच्याच देखरेखीखाली, देवळामागच्या पडवीत भरतो. पाडवा झाला की शिक्षण खात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला येणार आहेत. मुलींची हजेरी आहे तशीच राहिली तर हा वर्ग मोडून मुलींना मुलांच्या शाळेत बसवायचं, असं वरून ठरलं आहे म्हणे.

हेडमास्तर वाईट नाहीत. म्हणाले, "वत्सलाबाई, तुमच्यात काही उणं नाही. पण पोरी येतच नाहीत, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

मुलांमध्ये बसवलं तर रानावर जगणाऱ्या वरच्या वाडीतली एकही मुलगी येणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. खालच्या गावातल्या येतील त्याही दोन-चार. आणि मी आटगावला, घरी परत. बाबा रेल्वेच्या ग्यांगमध्ये आहेत. आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिली. मला इथे नोकरी लागली तेव्हा बाबांनी साऱ्या ग्यांगला चहा पाजला. त्यांना काय सांगू?

नव्या अभ्यासक्रमात सृष्टिनिरीक्षण म्हणून विषय आहे. वसंतात मुलींना बाहेर नेऊन रानफुलं आणि किडे प्रत्यक्ष दाखवायचे. मी तो अजून एकदाही घेतलेला नाही. मला स्वतःलाच किती फुलांची नावं येतात याची खात्री नव्हती, म्हणून टाळलं. हे बरोबर झालं नाही. मंगळवारी नेणार.

५ मार्च, मंगळवार

नेलं. नऊ जणी होत्या. ओढ्याच्या कडेने वाडीच्या वाटेला लागलो. पळस बहुतेक झडत आला आहे, पण धायटी अजून लालभडक आहे. मी "धायटी" एवढं म्हणेपर्यंत मुली फुलं तोडून त्यांच्या नळ्या चोखायला लागल्या. मी थांबवणार होते. मग वाटलं, मध कुठे असतो ते त्यांना समजलंच आहे, आता थांबवून काय शिकवणार? पण फुलं ओरबाडू द्यायला नको होती. पुढच्या वेळी आधीच सांगायला हवं की एकीने एकच घ्यावं.

टेकाडावर गणेर फुलला आहे. झाडाला पान एक नाही आणि हाताच्या पंजाएवढी पिवळीधमक फुलं. पुस्तकात याचं चित्र नाही. मोठे काळे भुंगे त्यात शिरून परागाने लडबडून बाहेर येतात. जिवली खालच्या गावातली, तिला कुठल्याही किड्याची भीती. ती सगळा वेळ माझ्या पदराआड होती.

वरच्या वाडीतली लहानी मात्र आमच्या पुढे. एका ऐनाच्या झाडाखाली तिने मला हाताला धरून उभं केलं. तांबड्या मुंग्यांनी, इकडे त्यांना ओंबील म्हणतात, पानं जवळ ओढून घर बांधायला घेतलं होतं. एक रांग दोन पानांच्या कडा धरून ताणत होती. दुसऱ्या मुंग्या तोंडात पांढरी अळी घेऊन या कडेवरून त्या कडेवर फिरवत होत्या आणि अळीच्या तोंडातून निघालेल्या धाग्याने पानं सांधली जात होती. मी बराच वेळ पाहिलं, तरी विश्वास बसेना. त्या अळ्या म्हणजे त्यांचीच पोरं. तान्ह्या पोराला सुईसारखं धरून घर शिवायचं! पाहिलं तसं लिहिते आहे. चुकले असेन तर पुन्हा पाहून खोडेन.

"बाय, चावली का?" लहानीने विचारलं.

चावली होती, मानेवर. मी नाही म्हणाले. शिक्षकाने असं खोटं बोलावं का?

८ मार्च, शुक्रवार

पुन्हा जाऊन पाहिलं. चुकले नव्हते.

पडवीत ठाणे जिल्ह्याच्या नकाशाच्या गुंडाळीवर कुंभारीण माशीने मातीचं मडकं बांधलं आहे. मुरबाड तालुका उघडायचा तर मडकं फुटतं. भूगोल फळ्यावर घेतला.

१३ मार्च, बुधवार

सोमवारपासून वरच्या वाडीची एकही मुलगी नाही. खालच्यासुद्धा निम्म्या. आज पडवीत तिघी होत्या. दुपारी वाडीवर गेले.

लहानीची आई रखमी दारात बसली होती. पुढ्यात मोहाच्या फुलांची मोठी टोपली. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "मोह पडतोय ना बाय. पोरगी शाळंला कशी यील? पहाटं नाय वेचला तर ऊन होतं, मग गुरं खातात."

"किती दिवस पडतो?"

"पाडव्यापवत पडंल. नंतर सरतो."

म्हणजे बरोबर तपासणीपर्यंत. परत येताना ओढ्यापाशी आल्यावर एक विचार मनात आला. मुली मोहाखाली असतील तर वर्गाने मोहाखाली का जाऊ नये? वसंतातलं रानफूल तेही आहे. त्यावर मधमाशा, मुंग्या, किडे येत असतीलच. अभ्यासक्रमात "बाहेर नेऊन" लिहिलं आहे, किती वाजता ते लिहिलेलं नाही.

तरी मनाला टोचणी होती म्हणून हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "पोरी येत असतील तर झाडावर भरवा."

ही परवानगी धरावी की थट्टा, हे मला ठरवता येत नाही. परवानगी धरते आहे.

१५ मार्च, शुक्रवार

आज उजाडताच मोहाखाली वर्ग भरवला. हे झाड वाडीच्या खाली, सपाटीवर आहे. दोघींच्या कवेत मावणार नाही असं खोड. आश्चर्य म्हणजे झाडाखालची जमीन आधीच लख्ख झाडून, पालापाचोळा जाळून साफ केलेली होती. वर्ग येणार म्हणून वाडीच्या लोकांनी एवढे कष्ट घेतले! मला भरून आलं.

हजेरी घेतली. सतरा जणी. एवढी हजेरी या वर्गाने पाहिलेली नाही.

हे झाड असं पाहिलं नव्हतं. पानं जवळजवळ नाहीत, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे तपकिरी गुच्छ. फुलं आपोआप सुटतात आणि टप टप पडतात, अंगावर, पाटीवर, हजेरीच्या पानावर. फूल म्हणजे फिकट पिवळसर, गरगरीत, रसाने भरलेलं, द्राक्षासारखं. पडताना त्याच्यातली बारीक काडी वर झाडावरच राहते, ती सगळ्यांना दाखवली. वास गोड आणि जड. पडलेल्या फुलाला अगोदर मुंग्या येतात, मग माशा, मग एक चपटा तपकिरी किडा, जो फुलात शिरतो आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. उचलून तळहातावर ठेवला तर तिथेच बसून राहिला.

"त्याला चढलीय," लहानी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मी कशी हसणार? पण हसले.

मी सांगितलं होतं की नमुन्यासाठी प्रत्येकीने थोडी फुलं गोळा करावीत. मुली फार आज्ञाधारक आहेत. टोपल्या भरून गोळा केली. रखमीसुद्धा मुलीच्या सोबतीला म्हणून आली होती, तीही बसून राहिली नाही.

२० मार्च, बुधवार

रोज भरतो वर्ग. किडे ओळखायला, फुलाचे भाग सांगायला मुली आता अडखळत नाहीत. जिवलीने काल मधमाशीजवळ बोट नेलं. उन्हं वर आली की खाली पडवीत येऊन लिहिणं आणि हिशेब.

लहानीने विचारलं, "बाय, फुलं शाळंपुढं सुकवू? घरी शेळ्या खातात." नमुने सुकवायचेच असतात. मी हो म्हटलं. आता पडवीपुढचं सगळं पटांगण फुलांनी भरलं आहे. वाडीतल्या घराघरातून लोक आपापल्या टोपल्या आणून पसरतात, वरखाली करतात, संध्याकाळी गोळा करून पडवीच्या कोपऱ्यात रचतात. लहानीचे वडील मंगळ्या, वाडीत त्यांचा शब्द चालतो, त्यांनी स्वतःची बांबूची चटई दिली. ज्यांना शाळा म्हणजे काय ठाऊक नव्हतं ते म्हातारे लोकसुद्धा पडवीच्या सावलीत बसून राखण करतात. विषयाची गोडी अशी सगळ्या वाडीला लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

धोंडीमावशी, जिच्या घरी मी राहते, भाकरी थापता थापता माझ्याकडे बघून हसत होती.

"काय झालं मावशी?"

"काय नाय गो. तू जेव."

२४ मार्च, रविवार

काल होळी. आज धुळवड, वर्ग नाही. तरी पहाटे जाग आली आणि झाडाकडे जाऊन आले. वाडीतले सगळे तिथेच होते, आपापल्या टोपल्या घेऊन. सुट्टीच्या दिवशीही!

२७ मार्च, बुधवार

दुपारी मुली अंकगणित करत असताना खाकी कपड्यातला एक शिपाई पटांगणात येऊन उभा राहिला. फुलांकडे बघत एक फेरी मारली. मग टोपी काखेत घेऊन पडवीच्या पायरीशी आला.

"बाई, ही एवढी मोहाची फुलं?"

"हो."

"कुणाची?"

"शाळेची," मी म्हणाले.

"सगळी?"

"सगळी. मुलींनी गोळा केली आहेत."

"कशाला?"

"सृष्टिनिरीक्षणाला."

त्याने टोपी या काखेतून त्या काखेत घेतली आणि विचारलं, "किती दिवस करणार निरीक्षण?"

"सुकेपर्यंत."

माणसाला समजलेलं नाही असं दिसलं, म्हणून मी अभ्यासक्रमातलं वाक्य वाचून दाखवलं. मोहाचं फूल कसं गळतं, त्यावर कोण कोण येतं, ते सांगितलं. ऐकतो आहे असं पाहून ओंबील मुंग्यांचंही सांगितलं. तो म्हणाला, "पोरांनी पान शिवतात? काय बोलता बाई!" आणि मान हलवत गेला. लोकांनी असं कुतूहल दाखवलं की बरं वाटतं. मात्र तो बोलत होता तेव्हा मुली पुतळ्यासारख्या गप्प होत्या, लहानीसुद्धा. खाकी कपड्याला भीत असाव्यात.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मावशीला सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला आणि आधी हसली, मग हसायची थांबली.

"अगो, तो अबकारीचा चंदर शिपाय. तू त्याला सांगितलंस शाळेची म्हणून?"

मग तिने सगळं सांगितलं. या जिल्ह्यात मोहाची फुलं घरात किती ठेवायची याला सरकारचं माप आहे, कारण त्यांची दारू गाळतात. मापापेक्षा जास्त सापडली की फुलं जातात आणि माणसाला मुरबाडला नेतात. शाळेच्या पटांगणाला शिपाई हात लावणार नाही, हे वाडीने हेरलं होतं.

"तुला ठाव नव्हतं? मला वाटलं तू जाणूनबुजून करतेस."

मी जेवले नाही. मी खोटं बोलले. मला ते खोटं आहे हे ठाऊक नव्हतं, पण बोलले तर मीच. आता सरकारच्या लेखी ती फुलं माझी आहेत. शब्द मागे घेतला तर वाडी पकडली जाते. नाही घेतला तर शाळा.

२८ मार्च, गुरुवार

वर्ग सुटल्यावर वाडीवर गेले. मंगळ्या अंगणात दोर वळत बसले होते.

"ही फुलं शाळेच्या कामाची नव्हती," मी म्हणाले.

"हुती की. पोरी शिकत हुत्या, फुलं सुकत हुती. दोनी कामं झाली."

"दारू गाळणार होतात?"

ते रागावले नाहीत. "थोडी गाळू. लगीन हाय, देवाला पन लागते. बाकी खायाची. पावसात घरात काय ऱ्हातंय, बाय? मोह उकडतो, भाकरीत घालतो. सावन-भादवा त्याच्यावर निघतो."

रखमीने पानावर उकडलेली फुलं आणून पुढे ठेवली. खावीत की नाही, मला समजेना. खाल्ली. गोड होती, आणि वास नाकात राहिला.

"मला आधी सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

"तुमी इचारलं नाय." दोराला पीळ देऊन झाल्यावर पुढे म्हणाले, "आन सांगितलं असतं तर पसरू दिली असती काय?"

लहानी दाराआडून बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं तशी आत गेली.

मी म्हणाले, मला अबकारी नाक्यावर जाऊन खरं सांगावं लागेल.

"मंग आमच्या घरात झडती व्हईल."

"मापापेक्षा जास्त काही उरलं नाही तर कशाला होईल? आधी ते करू, मग जाते."

"आन नाय गेलात तर?"

"मग मला मुलींना काही शिकवता येणार नाही."

ते हसले. कशाला, ते समजलं नाही. पण "बघू" म्हणाले.

परत येताना करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या दिसल्या. एरवी थांबले असते. माझी शाळा म्हणजे फुलं सुकवायचं खळं, आणि मी त्याची राखणदारीण. सतरा, अठरा, एकोणीस अशी हजेरी मांडताना मला वाटायचं, मी शिकवते म्हणून येतात.

३१ मार्च, रविवार

पोलीस पाटलांकडून माप नीट समजून घेतलं. काल आणि आज मुलींनी शेर घेऊन पटांगणातली फुलं मोजली. प्रत्येक घराचा ढीग वेगळा, मापात बसेल एवढाच. लोक येऊन आपापला ढीग घेऊन गेले. मंगळ्या पहिले आले. मापाने अंकगणित इतकं चांगलं होतं हे आधी सुचायला हवं होतं. पुन्हा तोच विचार! या मुलींचं खाणं मोजलं जात होतं आणि मी बेरजा तपासत होते.

मापावरचं जे उरलं त्याचं काय करायचं? फेकायला कुणी तयार नव्हतं. मावशी म्हणाली, "खायाला माप हाय काय सरकारचं?" नाही, ते नाही. मग पटांगणात चूल मांडली. मावशीने वाल दिले, रखमीने मोह उकडला, आणि सगळ्यांना पानावर वाढलं. खालच्या गावातली माणसंही वासाने आली आणि बसली. जिवली लहानीच्या शेजारी बसली होती. आधी पानावर मुंगी नाही ना ते बघून घेतलं, मग दोनदा मागून घेतलं. राहिलेलं गुरांना घातलं.

रात्री मावशीने सांगितलं, खालचं गाव आणि वरची वाडी अशी एका पंगतीला तिने जन्मात पाहिली नव्हती. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. कुणाला विचारायला हवं होतं का?

२ एप्रिल, मंगळवार

म्हसा गावच्या अबकारी नाक्यावर गेले. वाटेत सगळं म्हणून पाहिलं, की माझं विधान चुकीचं होतं, अजाणता होतं, फुलं शाळेची नव्हती, आता मापाबाहेर काही नाही, येऊन पाहावं. चंदर शिपाई ओट्यावर पान लावत बसला होता. मी सगळं एका दमात बोलले.

"कुठली फुलं?" तो म्हणाला.

"पटांगणातली. तुम्ही विचारलंत, मी शाळेची म्हणाले. तुम्ही लिहून घेतलं असेल."

"मी कशाला लिहितोय? शिकवण्याच्या कामात आपण पडत नाय." पान तोंडात टाकून त्याने चुना पुसला. "पण बाई, ते खरं हो. मी गेलो बघायला. नाक्यामागच्या आंब्यावर हाय एक घर. तोंडात पोर धरून शिवतात! बायकोला दाखवलं, ती म्हणते, आपल्याला पण असं जमलं असतं तर!" आणि खो खो हसला. "माप समजलं ना आता? मग झालं. उन्हाचं चाललात, पाणी प्या."

मी पाणी प्याले. एवढी घाबरून गेले होते आणि तिथे काहीच नव्हतं. हलकं वाटायला हवं होतं. पण अजूनही वाटतं, त्याने लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं. माझं चुकलं ते कुठेतरी नोंदलं गेलं असतं.

६ एप्रिल, शनिवार

मोह संपला. आज झाडाखाली पाच-सहा फुलं, तीही वाळकी. फांद्यांना कोवळी तांबूस पानं फुटली आहेत, उन्हात तांब्यासारखी. मुली आल्या, पण टोपल्या नव्हत्या. हजेरी झाल्यावर ऐनाच्या सालीवर सालीच्याच रंगाचा पतंग पंख पसरून बसलेला सापडला. सापडला म्हणजे जिवलीला सापडला, आम्हा कुणालाच दिसत नव्हता. तिने बोट लावून दाखवला तरी मला उडाल्यावरच दिसला.

आता पाडव्याची सुट्टी. उद्या किन्हवलीवरून गाडीने शहापूर, तिथून घरी. तपासणी पंधरा तारखेनंतर. फुलं नाहीत, पटांगण रिकामं. सुट्टीनंतर कोण येईल?

१० एप्रिल, बुधवार

आताच परत आले. बाबांनी विचारलं, "नोकरी कायम झाली का गो?" मी म्हटलं, होईल. आईने पुरणपोळ्या बांधून दिल्या आहेत.

इथे येऊन बघते तर हेडमास्तरांची चिठ्ठी. साहेब उद्याच येत आहेत. मुलींची शेवटची गाठ गेल्या शनिवारी. अंधार पडत आला होता. मावशीने वाडीकडे जाणाऱ्या एका बाईबरोबर निरोप धाडला आणि गावात घरोघर स्वतः फिरली. निरोप मी शब्दन् शब्द सांगितला, "उद्या साहेबांसमोर हजेरी आहे, एकीनेही चुकू नये."

११ एप्रिल, गुरुवार

पडवी शेणाने सारवलेली होती. फळ्यावर तारीख घातली. उन्हं पायरीपर्यंत आली. कुणी नाही. वरच्या वाडीच्या नाहीत, आणि खालच्या गावातल्याही नाहीत. जिवलीचं घर पडवीतून दिसतं, तिथे विचारलं तर आई म्हणाली, "ती तर कवाच गेली शाळेला." मला वाटलं, खेळायला गेली असेल.

साहेब बैलांच्या दमणीतून आले. वयस्कर आहेत, दमा आहे. हेडमास्तर त्यांच्यामागे. साहेबांनी पडवीत पाहिलं, बाहेर पाहिलं.

"वर्ग कुठे आहे?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले.

त्यांनी हजेरीपट उघडला. मार्चचं पान बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ न समजण्याइतकी मी साधी नाही. मी म्हणाले, "साहेब, ही हजेरी खरी आहे. पण ती माझ्या शिकवण्याची नाही. मोहाच्या फुलांची आहे." आणि सगळं सांगितलं. झाडाखालचा वर्ग, पटांगण, शिपायाला जे बोलले ते, नाका, सगळं. हेडमास्तर मला डोळ्यांनी खुणावत होते, पण थांबता आलं नाही. "आता फुलं संपली, म्हणून कुणी आलं नाही," असं म्हणून मी थांबले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. शेऱ्याची वही ओढली, टाक शाईत बुडवला.

तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून धोंडीमावशी ओरडली, "अगो वत्सला! तू हितं काय करतेस? पोरी कवाच्या वर जाऊन बसल्यात. हजेरी कोण घेनार, मी?"

आम्ही तिघंही वर गेलो. साहेबांना दोनदा बसावं लागलं. झाडाखाली जमीन झाडलेली. मुली रांगेत बसलेल्या, डोक्याला तेल, पुढ्यात पाट्या. वरच्या वाडीच्या, खालच्या गावातल्या, सगळ्या. पहाटेपासून. हजेरी इथेच होते, म्हणून इथेच आल्या होत्या. साहेब येणार म्हणजे इथेच येणार. लहानी पुढे उभी राहून पाठ असलेली नावं पुकारत होती आणि जागच्या जागी चुळबुळ करणाऱ्या जिवलीला दटावत होती. मला पाहून म्हणाली, "येवढा उशीर, बाय? साहेब येऊन गेला असता तर?"

"आलोय मी," साहेब धापा टाकत म्हणाले आणि मुळावर बसले.

त्यांनी वाचून घेतलं, मापांची वजाबाकी घातली. जिवलीच्या चुळबुळीचं कारण तिच्या तळहातावर होतं, हिरवी, काटेरी पाठीची अळी. ती साहेबांनी चष्मा वर करून पाहिली. मग सगळ्यांना विचारलं, "ओंबील पान कशाने शिवते?"

"पोरांनी!" सगळ्या ओरडल्या.

"तान्ह्या पोरांना कामाला लावते? मग ती शाळेत केव्हा जातात?"

"त्यांस्नी कुठं साहेब येतो तपासाया!" लहानी म्हणाली.

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेब इतके हसले की खोकला लागला. रखमीने पाणी आणून दिलं.

शेरा त्यांनी तिथेच, गुडघ्यावर वही ठेवून लिहिला. "हजेरी समाधानकारक. वर्ग पुढे चालू ठेवावा. हजेरी शाळेच्या जागेतच घ्यावी."

ते गेल्यावर मी लहानीला विचारलं, "फुलं तर संपली. मग सगळ्या कशा आल्यात?"

"तुमी बोलावलं ना." तिला प्रश्नच समजला नव्हता. मग वर फांदीकडे बघून म्हणाली, "आन फळं यायची हायत अजून. बियांचा तेल निघतं. तवा बी हितंच ना हजेरी?"

मी म्हटलं, साहेबांनी आता खाली पडवीत घ्यायला सांगितलं आहे. तिने तोंड एवढंसं केलं.

घरी येऊन शेरा पुन्हा वाचला. एकेक शब्द तपासला. हजेरी शाळेच्या जागेतच घ्यावी, एवढंच आहे. ती झाल्यावर मुलींना कुठे न्यावं, याविषयी त्यात एक अक्षर नाही.